नीलगिरीचा थेंब, कापराची वडी : घरात सुगंधी तेल वापरण्याआधी हे वाचा

बोईसर : पाऊस सुरू झाला की घराघरांत सर्दी-खोकला येतो. त्यामागोमाग येते एक छोटी बाटली. कुणाकडे नीलगिरीचं तेल, कुणाकडे पुदिन्याचं, कुणाकडे फोनवरून मागवलेला सहा बाटल्यांचा संच. मेडिकलमध्ये, किराणा दुकानात, आठवडी बाजारात आणि ऑनलाइन, सगळीकडे ही तेलं मिळतात. पन्नास-शंभर रुपयांत काम होतं. सोबत फोनवर एक व्हिडिओ येतो आणि त्यात सांगितलेलं असतं, "दोन थेंब उशीवर टाका, चार थेंब पाण्यात टाका, छातीला चोळा, सर्दी पळाली."

मग सून विचारते, "आई, बाळाच्या नाकाला जरा लावू का? रात्रभर झोपलं नाही ते." सासूबाई म्हणतात, "लाव की, झाडपाल्याचंच तर आहे."

नेमकी इथेच चूक होते. झाडपाल्याचं आहे हे खरं. पण मूठभर पाला वेगळा आणि त्याचा काढलेला अर्क वेगळा. हा फरक कळला तर ही तेलं घरात उपयोगी पडतात. नाही कळला तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

खोबरेल तेल आणि अर्कतेल यात फरक काय?

आपल्या घरातलं खोबरेल, तीळतेल, एरंडेल, करंजाचं तेल ही बियांतून किंवा गरातून निघणारी तेलं. घाण्यावर दाबली की निघतात. कडुनिंबाचं तेलही त्यातलंच. हाताला चिकटतात, कपड्यावर डाग पाडतात, लवकर उडून जात नाहीत.

नीलगिरी, गवती चहा, पुदिना, लवंग, सिट्रोनेला यांची तेलं वेगळ्या जातीची. पानाच्या, फुलाच्या, सालीच्या अगदी बारीक पिशव्यांत ती असतात. पान चुरगळलं की जो वास येतो, तो याच तेलाचा. ती हवेत उडून जातात, म्हणून वास दूरवर पसरतो. कंपन्या त्याला इसेन्शियल ऑईल म्हणतात. सोपं नाव अर्कतेल.

ही तेलं काढतात कशी, हे आपल्या भागात कुणाला फार समजावून सांगायला नको. मोहाची दारू गाळताना जे होतं तेच इथे होतं. मोठ्या भांड्यात पाला भरतात, खालून वाफ सोडतात. वाफ पाल्यातून जाताना तेल सोबत घेऊन वर येते. ती नळीतून नेऊन थंड केली की खाली पाणी आणि वर तेल असे दोन थर पडतात. वरचं तेल काढून घेतात. खाली उरलेलं सुगंधी पाणी म्हणजे गुलाबाच्या बाबतीत आपलं गुलाबपाणी.

व्हिडिओ बघून हे घरच्या कुकरमध्ये करायला जाऊ नये. शिट्टीच्या जागी नळी लावली आणि ती पाल्याने बुजली तर कुकर फुटू शकतो. शिवाय ही तेलं पेट घेतात. नीलगिरीच्या तेलाची वाफ साधारण ५० अंश तापमानालाही ठिणगी मिळाली तर पेटते. चुलीजवळ हा उद्योग नको.

एका थेंबात किती पाला?

गवती चहाचं उदाहरण घेऊ. कुणी त्याला पातीचा चहा म्हणतं, कुणी ओली चहा, डहाणू-तलासरीकडे गुजराती बोलणारे लीली चाय म्हणतात. जवळपास प्रत्येक परसात एखादं ठोंब असतंच.

१०० किलो हिरवी पात गाळली तर साधारण पाव ते अर्धा किलो तेल मिळतं. मधला आकडा धरून ४०० ग्रॅम म्हणू. म्हणजे एक ग्रॅम तेलाला २५० ग्रॅम पात लागली. एक ग्रॅममध्ये साधारण २० थेंब बसतात. म्हणजे एका थेंबात १२-१३ ग्रॅम पात आली. एका कप चहात आपण दोन-तीन पाती टाकतो, ती धरा तीन ग्रॅम. हिशेब असा झाला की एका थेंबात चार कप चहाची पात. आणि चहात पातीतलं सगळं तेल उतरतही नाही.

आता एक छोटा चमचा म्हणजे ५ मिली घ्या. त्यात सव्वा किलो पातीचा अर्क आहे. दोन वर्षांच्या पोराला सव्वा किलो गवती चहा कुणी खाऊ घालेल का? पण बाटली उघडी राहिली तर तो एका घोटात तेवढं पिऊ शकतो.

"नैसर्गिक आहे, काही होत नाही" हे वाक्य म्हणूनच चुकीचं आहे. धोतरा नैसर्गिकच आहे, कण्हेरही नैसर्गिकच आहे. प्रश्न किती घेतलं आणि कुणी घेतलं हा आहे.

अरोमाथेरपी म्हणजे काय, आणि तिचा उपयोग किती?

वास घेऊन किंवा तेलाने चोळून बरं वाटून घेणं ही जुनी गोष्ट. बाळंतिणीला ओव्याचा शेक, दाढदुखीला लवंग, अंगदुखीला निरगुडीच्या पाल्याचा शेक, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. 'अरोमाथेरपी' हे नाव मात्र फ्रान्समधून आलं. रेने-मोरिस गॅटफोसे नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९३७ साली या नावाचं पुस्तक लिहिलं, तेव्हापासून हा शब्द जगभर गेला.

वासाचा मनावर परिणाम होतो, यात खोटं काही नाही. नाकातून जाणारी वासाची नस मेंदूच्या ज्या भागाजवळ पोचते, तिथेच आठवणी आणि भावना यांचं काम चालतं. म्हणून पहिल्या पावसात भिजलेल्या मातीचा वास आला की शेतकऱ्याचं मन बांधावर जातं. सातपाटीचा माणूस कुठेही असो, सुक्या बोंबलाचा वास आला की त्याला घर आठवतं. लव्हेंडरसारख्या वासाने काही लोकांना शांत वाटतं, झोप जरा बरी लागते, असं अभ्यासांत दिसलं आहे. पण हा फायदा बेताचा आहे. त्याने बीपी, साखर, दमा, मलेरिया, टीबी यातलं काहीही बरं होत नाही. चालू गोळ्या बंद करून तेलाच्या भरवशावर राहणं म्हणजे आजार वाढवून घेणं.

सर्दीचंही तसंच. पुदिन्याच्या तेलातलं मेंथॉल नाकाच्या आतल्या थंडी ओळखणाऱ्या नसांना जागं करतं. त्यामुळे नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात आतली सूज तेवढीच असते. मोठ्या माणसाला त्या वाटण्यानेही आराम मिळतो, झोप लागते, हा फायदा आहेच. पण बाळाची छाती घरघरत असेल, श्वास भरभर चालला असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, दूध ओढत नसेल, तर तेल चोळत रात्र काढू नये. तो न्यूमोनिया असू शकतो. आशाताईंना हाक मारावी आणि मुलाला दवाखान्यात न्यावं.

२०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत कापूर, लवंग, ओवा आणि नीलगिरीच्या थेंबांची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो, असा मेसेज व्हॉट्सॲपवर घरोघर फिरला. अनेकांनी ती पुरचुंडी खिशात ठेवली. पुरचुंडीने ऑक्सिजन वाढत असल्याचा कोणताही पुरावा नव्हता. पुरचुंडी हुंगत घरी थांबण्यात मात्र दवाखान्यात जायची वेळ निघून जाण्याचा धोका होता. मेसेज पुढे पाठवण्याआधी हे आठवावं.

लहान मुलं : इथे चुकीला माफी नाही

मुलांच्या बाबतीत चार गोष्टींचा धोका सगळ्यात मोठा.

पहिली, नीलगिरीचं तेल. छोटा चमचाभर किंवा त्याहून कमी तेल पोटात गेलं तरी लहान मूल गळून जाऊ शकतं, गुंगीत जाऊ शकतं, त्याला आकडी येऊ शकते. बाटली लहान, झाकण सैल, वास गोळीसारखा. मुलाला ते खाऊ वाटतं. दुसरा घोळ मोठ्या माणसांकडून होतो. रात्री अंधारात खोकल्याच्या औषधाऐवजी तेलाची बाटली हाती येते आणि चमचा भरून दिला जातो.

दुसरी, कापूर. प्रत्येक देवघरात असतो, बहुतेक वेळा खालच्या फळीवर. पांढरी वडी मुलाला साखरेसारखी दिसते. लहान मुलाला एक ग्रॅम कापूरसुद्धा जीवघेणा ठरू शकतो, आणि वडीच्या आकाराप्रमाणे एक-दोन वड्यांत तेवढा कापूर भरू शकतो. पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते तास-दीड तासात आकडी येऊ शकते. बाजारातला बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनतो. पण साधा असो की भीमसेनी, मुलाच्या तोंडात जाता कामा नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर १९८० च्या दशकातच अंगाला लावायच्या औषधांत कापूर ११ टक्क्यांपेक्षा जास्त नको असा नियम केला, तो अशाच घटनांमुळे. खोबरेल तेलात कापूर विरघळवून बाळाच्या छातीला चोळायची पद्धत आपल्याकडे आहे. कापूर त्वचेतूनही अंगात जातो. तान्ह्या बाळाला हे करू नये.

तिसरी, पुदिना, मेंथॉल आणि बाम. तान्ह्या बाळाच्या नाकाखाली मेंथॉल लावलं तर त्याचा घसा आवळून श्वास अडू शकतो. दोन वर्षांखालील मुलांना कापूर-मेंथॉलचा बाम लावू नये, असं बामच्या डब्यांवरच लिहिलेलं असतं. अक्षर बारीक असतं, म्हणून वाचलं जात नाही.

चौथी, वाफारा. सर्दीला वाफ देताना गरम पाण्याचं पातेलं मांडीवर किंवा खाटेवर सांडून पोरं भाजतात. लहान मुलाला टोपाखाली धरून वाफ देऊच नये. मोठ्यांनीही पातेलं जमिनीवर घट्ट ठेवून, गॅस बंद करून वाफ घ्यावी. साधी वाफ पुरते. तेल टाकायचंच तर एक थेंब, आणि डोळे मिटून.

जाता जाता, डांबरगोळी आणि कापूर एक नव्हे. दिसायला दोन्ही पांढरे. डांबरगोळ्या ठेवलेल्या पेटीतले कपडे तसेच बाळाला घातले तर जी-सिक्स-पीडी नावाची रक्तातली जन्मजात कमतरता असलेल्या बाळाला जोराची कावीळ होऊ शकते. बाळाला ही कमतरता आहे की नाही हे वरून दिसत नाही. म्हणून बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी नकोच.

तसंच बाळ-बाळंतिणीच्या खोलीतला धूर. ओवा, धूप, लसणाची सालं निखाऱ्यावर टाकून दार लावून घेतात. वास चांगला असला तरी तो धूरच. कोंडलेल्या खोलीतला धूर आणि निखाऱ्याचा विषारी वायू बाळाच्या फुप्फुसाला झेपत नाही. शेक द्यायचा असेल तर तव्यावर कापड गरम करून द्यावा, दार-खिडकी उघडी ठेवावी.

वासाने हवा साफ होत नाही

बोईसर-तारापूरच्या लोकांना वासाचा विषय नवा नाही. सालवड, पास्थळ, कोलवडे, कुंभवली, सरावलीकडे रात्री वारा फिरला की कारखान्यांचा वास घरात येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले होते आणि देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत ते सगळ्यात वर होतं. अशा वेळी लोक खिडकी लावतात, अगरबत्ती पेटवतात, कापूर जाळतात, हल्ली विजेवर चालणारं डिफ्यूझर लावतात. वास दबतो, बरं वाटतं.

पण वास दबला म्हणजे वायू गेला असं नाही. एका वासावर दुसरा वास चढला, एवढंच होतं. हवेत जे होतं ते तसंच राहतं, वर अगरबत्तीचा धूर वाढतो. दहा बाय दहाची भाड्याची खोली, एक खिडकी, पाच माणसं आणि त्यात धूर. दम्याच्या माणसाला त्या सुगंधानेही धाप लागू शकते.

दुसरा धोका त्याहून मोठा. वास ही धोक्याची घंटा असते. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळतात. खोलीत दिवसभर तीव्र सुगंध भरलेला असेल तर तो वास उशिरा कळतो. शिवाय नाकाला कोणत्याही वासाची थोड्या वेळाने सवय होते आणि मग तो जाणवतच नाही.

त्यामुळे बाहेरून रसायनाचा तीव्र वास आला, डोळे चुरचुरले, घसा खवखवला, तर काहीही पेटवू नये. कापूर नाही, अगरबत्ती नाही, चूलही नाही. दारं-खिडक्या लावून प्रशासनाच्या सूचनेकडे लक्ष द्यावं. बाहेर पडावंच लागलं तर नाकाला ओला कपडा लावून वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघावं आणि ११२ वर कळवावं. ११ जानेवारी २०२० ला कोलवडेजवळच्या कारखान्यात झालेला स्फोट हा परिसर विसरलेला नाही.

रोजच्या कुबट वासावर साधा उपाय म्हणजे हवा खेळती ठेवणं. बाहेर वास नसेल तेव्हा समोरासमोरची दार-खिडकी अर्धा तास उघडी ठेवली तर जे होतं ते शंभर रुपयांच्या तेलाने होत नाही.

डासांना किती उपयोग?

सिट्रोनेला, गवती चहा आणि लिंबाच्या वासाच्या नीलगिरीचं तेल, यांचा वास डासांना आवडत नाही, हे खरं. पण ही तेलं उडून जातात. सिट्रोनेला अंगाला लावलं तर तास-दोन तासांत, घाम आला तर त्याही आधी, असर संपतो. रात्रभर झोपायचं तर त्यावर भरवसा ठेवता येत नाही. लिंबाच्या वासाच्या नीलगिरीचं औषध तीन वर्षांखालील मुलांना लावायचं नसतं.

भातलावणीच्या दिवसांत शेतातून दमून आलेला माणूस पडल्या पडल्या झोपतो. मलेरियाचा डास रात्री चावतो, डेंग्यूचा दिवसा. रात्री मच्छरदाणी, दिवसा पूर्ण बाह्यांचे कपडे आणि आठवड्यातून एकदा पाण्याची पिंपं रिकामी करून घासणं, हा खरा बंदोबस्त. तेल हा वरचा जोड. संध्याकाळी ओटीवर तासभर बसताना लावायला ठीक.

वापरायचंच तर असं वापरा

मोठ्या, तब्येतीने ठीक असलेल्या माणसाला ही तेलं वापरायला हरकत नाही. प्रमाण पाळलं पाहिजे.

अंगाला कधीही नुसतं अर्कतेल लावू नये. खोबरेल किंवा तिळाच्या तेलात मिसळावं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर जे मापाचं झाकण येतं त्याने माप घ्यावं, पण ते झाकण परत औषधाला वापरू नये. ३० मिली खोबरेल तेलात साधारण ६०० थेंब असतात. त्यात नीलगिरी किंवा पुदिन्याचे १२ थेंब टाकले तर दोन टक्के झालं. अंगदुखीला, पाय चोळायला एवढं पुरे. त्वचा नाजूक असेल तर सहाच थेंब. गवती चहा आणि लवंग ही तिखट तेलं, ती ३० मिलीत तीन थेंबांवर जाऊ देऊ नयेत. दालचिनीचं तेल अंगाला नकोच, फोड येतात.

पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून एक दिवस थांबावं. लाल झालं, खाजलं तर ते तेल आपल्यासाठी नाही. लिंबू-संत्र्याच्या सालीची तेलं लावून उन्हात जाऊ नये, त्वचा भाजल्यासारखी काळी पडू शकते. शेतावर जाणाऱ्याने हे विशेष पाळावं.

खोलीत वास हवा असेल तर दोन-तीन थेंब, पंधरा ते तीस मिनिटं, खिडकी उघडी. रात्रभर चालू ठेवायचं नाही. त्या खोलीत तान्हं बाळ किंवा दमेकरी नको.

दाढ दुखत असेल तर लवंगतेलाचा एक थेंब कापसावर घेऊन दाढेपुरता लावावा. हिरडीवर सांडू देऊ नये. त्याने ठणका थांबतो, कीड थांबत नाही. दाताच्या डॉक्टरकडे जावं लागतंच. तान्ह्या बाळाचे दात येताना हिरडीला लवंगतेल चोळू नये. लवंगतेल पोटात गेलं तर मुलाच्या लिव्हरला इजा होते.

अर्कतेल पिऊ नये. पाण्यात दोन थेंब टाकून प्यायला सांगणारे व्हिडिओ खूप आहेत. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं आणि तसंच घशाला लागतं.

गरोदर बाईने, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही तेलं वापरू नयेत. आकडीचा आजार असलेल्याने कापूर, नीलगिरी, रोजमेरी यांपासून लांब राहावं.

खरं तेल, खोटं तेल

जव्हार, विक्रमगड, मोखाड्याकडच्या मोगऱ्याच्या शेतकऱ्यांना एक गोष्ट लगेच पटेल. पहाटे उठून कळ्या खुडायच्या आणि त्या वेळेत दादरच्या बाजारात पोचवायच्या, यात किती कष्ट आहेत हे त्यांना ठाऊक आहे. मोगऱ्याचा शुद्ध अर्क काढायला साधारण हजार किलो कळ्या लागतात, तेव्हा जेमतेम किलो-दीड किलो अर्क हाती येतो. तोही साध्या वाफेवर नीट निघत नाही, विशिष्ट रसायनात फुलं भिजवून काढावा लागतो. उत्तर प्रदेशात कनौजला देग-भपक्यात चंदनतेलावर मोगऱ्याचा वास उतरवून अत्तर करतात, तेही स्वस्त नसतं. मग शंभर रुपयांच्या बाटलीत 'शुद्ध मोगरा तेल' कुठून येणार? तो कारखान्यात तयार केलेला वास असतो. कपड्याला, खोलीला ठीक, पण औषध म्हणून अंगाला लावायचा नाही.

घरच्या घरी एक तपासणी करता येते. कोऱ्या कागदावर एक थेंब टाकून दिवसभर ठेवा. नीलगिरी, पुदिना, गवती चहा यांचं चांगलं तेल उडून जातं, फार तर पुसट खूण राहते. तेलकट डाग तसाच राहिला तर त्यात खाद्यतेलाची भेसळ असू शकते. रसायनाची भेसळ मात्र याने कळत नाही. म्हणून बाटलीवर झाडाचं नाव, बॅच क्रमांक, मुदत आणि बनवणाऱ्याचा पत्ता बघावा. 'फ्रॅग्रन्स ऑईल' लिहिलं असेल तर ते वासापुरतं. गडद काचेची, थेंब थेंब पडणारी बाटली घ्यावी. जुनं झालेलं, वास बदललेलं तेल अंगाला खाज आणतं, ते टाकून द्यावं.

पोटात गेलं तर काय करायचं?

हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवावा.

• उलटी करवू नका. मीठपाणी, दूध, तूप काही पाजू नका. उलटीत तेल फुप्फुसात गेलं तर आणखी धोका.
• मूल गुंगीत असेल तर एका कुशीवर झोपवा.
• आकडी आली तर तोंडात चमचा, बोट घालू नका. कांदा, चप्पल हुंगायला देऊ नका. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा.
• मूल बरं दिसतंय म्हणून वाट बघत बसू नका. आकडी अचानक येते. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या.
• बाटली किंवा कापराची पुडी सोबत न्या. किती वाजता, किती गेलं, ते डॉक्टरांना सांगा. मुलाला रागावू नका आणि स्वतःची चूक लपवू नका. डॉक्टरांना खरी माहिती मिळाली तर उपचार लवकर होतात.
• दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा मोफत क्रमांक १८०० ११६ ११७.
• डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडा. अंगावर सांडलं तर आधी खोबरेल तेलाने पुसा, मग साबणाने धुवा.

भगताकडे जायचं असेल तर नंतर जा. पहिला तास दवाखान्याचा.

शेवटी

वास सगळ्यांना हवा असतो. त्यासाठी बाटलीच लागते असं नाही. दारातली गवती चहाची पात चहात टाकली, तुळशीची चार पानं पाण्यात उकळली, ओंजळभर मोगरा रात्री उशाशी ठेवला, तर घर तितकंच दरवळतं आणि त्यात धोकाही फारसा नाही.

बाटली घरात असेलच तर आज एक काम करा. देवघरातला कापूर, कपाटातलं नीलगिरी, बाम, लवंगतेल हे सगळं एका डब्यात भरा, झाकण घट्ट लावा आणि मुलाचा हात पोचणार नाही अशा फळीवर, चुलीपासून लांब ठेवा. औषधांच्या बाटल्यांत ते मिसळू नका. काम पाच मिनिटांचं आहे, ते उद्यावर टाकू नका.